गरम ट्यूबवरचा पांढरा थर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी बॉयलरवर काम करतो. आमचा बॉयलर पूर्वी कोळशावर चालायचा, आता पेंढा आणि लाकडाचा भुसा जाळतो. वाफेचं तापमान तेच, ५४० अंश. तरी सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, ट्यूब भराभर पातळ होतायत. कापलेल्या ट्यूबवर पांढरट थर घट्ट चिकटलेला असतो. तपासणीच्या रिपोर्टात ‘मिठामुळे क्षरण’ असं लिहून आलंय. पण भट्टीत मीठ टाकलंय कोणी? आणि जिथे पाण्याचा टिपूस नाही तिथे मीठ लोखंडाला खाणार कसं? वरिष्ठ म्हणतात, स्टीलच हलकं आलंय.

उत्तर : भट्टीत मीठ कोणी टाकलेलं नाही, ते पेंढ्यातूनच आलंय. रोपाला पोटॅशियम लागतं. मातीतून ते शोषलं जाताना क्लोरीनही सोबत येतं आणि दोन्ही रोपाच्या रसात विरघळलेली राहतात. रोप वाळलं की काडीत मागे उरतात. पेंढा पेटला की त्यांचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि वाफ होऊन धुराबरोबर वर जातं. नेहमीच्या मिठाचंच हे सख्खं भावंड. धूर ट्यूबपेक्षा कितीतरी गरम असतो. ट्यूबच्या आतून मात्र वाफ वाहत असते, त्यामुळे तिची बाहेरची भिंत ६०० अंश सेल्सियसच्या आसपास राहते. धुराच्या मानाने ती गार जागा. पहाटे गवतावर दव धरावं तशी मिठाची वाफ त्या भिंतीवर धरते. तुमचा पांढरा थर तो हा.

कोळशात सोडियम-पोटॅशियम नसतं असं नाही. पण त्यातलं बरंचसं चिकणमातीच्या खनिजांत जखडलेलं असतं, आणि जे सुटं होतं त्याला कोळशातलं गंधक गाठतं आणि क्लोराइडचं सल्फेट करून टाकतं. पोटॅशियम सल्फेट वितळायला १०६९ अंश लागतात. ६०० अंशांच्या भिंतीवर ते कोरड्या राखेसारखं पडून राहतं. पेंढ्यात गंधक कमी आणि क्लोरीन जास्त, म्हणून तिथे क्लोराइड क्लोराइडच राहतं. वाफेचं तापमान तेच ठेवून इंधन तेवढं बदललं, असं तुम्ही लिहिता. ट्यूबच्या दृष्टीने सगळंच बदललं.

आता पाण्याविना खाण्याबद्दल. तापलेल्या हवेत स्टील टिकतं ते स्वतःच्याच ऑक्साइडमुळे. सुपरहीटरच्या स्टीलमध्ये क्रोमियम घालतात ते यासाठी, की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसावा आणि आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोचता पोचू नये. हा थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजण्याइतका पातळ असतो. ट्यूबचं आयुष्य त्याच्यावर उभं असतं, आणि मीठ हल्ला करतं ते त्याच्यावरच. पोटॅशियम क्लोराइड, ऑक्सिजन आणि धुरातली पाण्याची वाफ मिळून थरातलं क्रोमियम ओढून घेतात आणि त्याचं पोटॅशियम क्रोमेट करतात. घट्ट थराच्या जागी लोहाचा सच्छिद्र, भुसभुशीत गंज उरतो. पांढऱ्या थराखाली कुठे पिवळी झाक दिसली तर ती क्रोमेटची असू शकते. इथे एक कळकळीने सांगते : त्या पिवळ्या भुकटीला उघड्या हाताने शिवू नका आणि ती झाडून हवेत उडवू नका. हे सहासंयुजी क्रोमियम आहे. श्वासातून गेलं तर कर्करोगाला कारण होतं. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय खरवडायला बसूच नका.

थर सच्छिद्र झाला की पुढचा अंक क्लोरीनचा. तो फटींतून आत, थेट धातूपर्यंत जातो. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून लोखंडाचं क्लोराइड बनतं. ५०० अंशांच्या पुढे हे लोह क्लोराइड चांगलंच वाफ होऊ लागतं आणि त्याच फटींतून बाहेर यायला निघतं. वाटेत ऑक्सिजन भेटला की त्याचं पुन्हा ऑक्साइड होतं, क्लोरीन सुटतो, आणि सुटलेल्या क्लोरीनपैकी काही परत आत वळतो. म्हणजे क्लोरीन फारसा खर्च होत नाही. तो हमालासारखा आत-बाहेर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला लोखंडाचं एक ओझं बाहेर आणून टाकतो. चिमूटभर मिठाने एवढं लोखंड कसं खाल्लं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर या फेऱ्यांमध्ये आहे.

यात आणखी एक भर. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांना वितळतं, तेव्हा ६०० अंशांच्या ट्यूबवर ते घन राहायला हवं. पण त्यात लोह क्लोराइड मिसळलं की ते मिश्रण ४०० अंशांच्याही खाली वितळू शकतं. जाळण्यात रंगवलेलं किंवा भंगारातलं लाकूड आलं, तर त्यातलं जस्त आणि शिसं हा आकडा आणखी खाली नेतं. नुसतं जस्त क्लोराइड ३०० अंशांच्या आत पाणी होतं. आणि धातूला लागून द्रव तयार झाला की क्षरणाचा वेग एकदम वाढतो. कचरा जाळून वीज करणाऱ्या बॉयलरमध्ये वाफ बहुधा ४०० अंशांच्या आसपासच ठेवतात, ती यासाठी. तिथे कार्यक्षमता मुद्दाम सोडून दिलेली असते.

स्टील हलकं आलं का, हे बघायचं असेल तर जरूर बघा. स्पेक्ट्रोमीटरवर मिश्रधातूची तपासणी थोड्या वेळात होते. पण ट्यूबची जी बाजू धुराला सामोरी आहे तीच पातळ झाली असेल आणि पाठीमागची शाबूत असेल, तर दोष स्टीलवर टाकू नका. एकाच ट्यूबची दोन्ही अंगं एकाच ओतकामातली असतात.

रिपोर्टवर तुमचा विश्वास बसत नाही, हे मी समजू शकते, कारण याच्या नेमका उलटा रिपोर्ट मी स्वतः एकदा लिहिला होता. नोकरीची पहिलीच वर्षं होती. अशीच एक ट्यूब माझ्याकडे आली. मी ती नेहमीच्या पद्धतीने कापली, गरम होऊ नये म्हणून पाण्याची धार सोडून. मग पाण्यावरच घासून पॉलिश केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ऑक्साइडचे जाड थर दिसले, क्लोरीन औषधालाही सापडला नाही. मी लिहिलं : ‘अतितापनामुळे ऑक्सिडीकरण.’ तो रिपोर्ट वाचून तिथल्या लोकांनी बर्नरची मांडणी बदलली. पुढच्या शटडाउनला ट्यूब तितक्याच पातळ निघाल्या.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याच ट्यूबचा उरलेला तुकडा मागून घेतला. त्यांनी तो कोरडाच, हळूहळू कापला आणि केरोसीनवर पॉलिश केला. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात क्लोरीनचा नकाशा काढला, तर धातू आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर बारीक रेघ उजळून आली. क्लोराइड पाण्यात विरघळतं. मी माझ्या हाताने पुरावा गटारात सोडला होता. तो तुकडा त्यांनी मुद्दाम रात्रभर टेबलावर उघडा ठेवला आणि सकाळी मला बोलावलं. चकचकीत पॉलिशवर, बरोबर त्या रेघेवर, तांबूस घामाचे बारीक थेंब आले होते. लोह क्लोराइडने हवेतली ओल ओढून घेतली होती. माझा रिपोर्ट आम्ही त्याच दिवशी मागे घेतला. तुमच्याकडे कापलेला तुकडा असेल तर तो धुऊ नका, एवढंच आधी सांगते.

उपाय बरेच आहेत, पण मी क्रम लावीन तो असा. आधी इंधन. पावसात भिजून मग वाळलेला करडा पेंढा ताज्या पिवळ्या पेंढ्यापेक्षा चांगला, कारण पावसाने पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही बरंचसं धुऊन नेलेलं असतं. रंगवलेलं लाकूड वेगळं काढायला लावा. थोडा कोळसा मिसळता आला तर त्यातलं गंधक आणि चिकणमाती दोन्ही कामाला येतात. दुसरं, भट्टीतच क्लोराइडचं सल्फेट करणं. स्वीडनमध्ये यासाठी धुरात अमोनियम सल्फेटचं द्रावण फवारण्याची पद्धत निघाली. ते धुरात फुटतं, गंधकाचा ऑक्साइड सुटतो, पोटॅशियम क्लोराइडचं सल्फेट होतं आणि क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निघून जातो. वायूतल्या क्लोरीनचा त्रास ट्यूबवर साचलेल्या क्लोरीनपेक्षा पुष्कळ कमी. मात्र हा वायू पुढे धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत धरावा लागतो, ते विसरू नका. तिसरं, सगळ्यात गरम असलेल्या शेवटच्या सुपरहीटरमध्ये वाफ २०-३० अंशांनी उतरवणं. उत्पादन विभागाला हे पटणं अवघड, पण ट्यूबला सगळ्यात लवकर फरक पडतो तो यानेच. निकेलच्या मिश्रधातूचा थर वेल्डिंगने चढवणं हा उपाय मी मुद्दाम शेवटी ठेवते. निकेलचं क्लोराइड लोखंडाच्या क्लोराइडइतकं सहज उडत नाही, म्हणून हा थर टिकतो. सुमारे २१ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के मॉलिब्डेनम असलेली ६२५ क्रमांकाची मिश्रधातू कचऱ्याच्या बॉयलरमध्ये सर्रास वापरतात. पण कारण दूर न करता चढवलेला थर म्हणजे फक्त मुदतवाढ.

प्रश्न : मॅडम, मी धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅस टर्बाइनच्या पात्यांवरच्या क्षरणाचे दोन प्रकार आम्हाला शिकवले : एक ९०० अंशांजवळचा, दुसरा ७०० अंशांजवळचा. तापमान वाढलं की क्षरण वाढायला हवं ना? मग मध्येच कमी कसं होतं? आणि वितळलेलं मीठ ऑक्साइड विरघळवतं, तर मीठ संपृक्त झाल्यावर ते थांबत का नाही?

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून त्यालाच आधी हात घालते.

सांधा झाळताना टाकणखार लावलेला तू पाहिला असशील. तो तापून काचेसारखा वितळतो, धातूवरचा ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतो आणि खालची धातू लख्ख उघडी पडते. तिथे आपल्याला तेच हवं असतं. टर्बाइनच्या पात्यावर सोडियम सल्फेट हेच काम करतं, फक्त न बोलावता. समुद्राच्या हवेतून आलेलं मीठ आणि इंधनातलं गंधक यांची ज्वलनकक्षात गाठ पडते, सोडियम सल्फेट तयार होतं आणि ते पात्यावर बसतं. त्याचा द्रवणांक ८८४ अंश. त्यावर गेलं की पात्यावर द्रवाची झिल्ली. किती जाड? प्रयोगशाळेत आम्ही दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.५ मिलिग्रॅम मीठ फवारतो. ते वितळलं की घनता सुमारे २ धरून हिशेब कर : १२-१३ मायक्रॉन भरतात. एवढ्याशा द्रवात किती ऑक्साइड विरघळणार? तुझी शंका रास्त आहे, तो लगेच संपृक्त व्हायला हवा.

होत नाही, कारण झिल्लीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाची परिस्थिती एक नसते. धातूलगत ऑक्सिजन कमी, बाहेर जास्त. द्रवाचं आम्लारिधर्मीपणही दोन्हीकडे वेगळं. म्हणून ऑक्साइडची विद्राव्यता आत जास्त आणि बाहेर कमी असं घडू शकतं. तसं झालं की आत विरघळलेला ऑक्साइड झिल्ली ओलांडून बाहेर येतो, तिथे मावत नाही आणि सुट्या कणांच्या रूपात खाली बसतो. द्रव पुन्हा रिकामा, पुन्हा आतून उचलायला मोकळा. रॅप आणि गोटो या संशोधकांनी १९८१ मध्ये ही अट मांडली. ती तुझ्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असेल, पण या विषयाची किल्ली तीच आहे. कागदावर आलेख काढून बघ : आडव्या अक्षावर धातूपासूनचं अंतर, उभ्यावर विद्राव्यता, आणि रेघ बाहेरच्या दिशेने उतरती. उतार आहे तोवर ओझं वाहत राहणार.

आता तापमानाचा प्रश्न. ९०० अंशांजवळचा प्रकार साधा आहे : सल्फेट स्वतःच वितळलेलं असतं, ते ऑक्साइडचा थर तोडतं, आणि त्यातलं गंधक धातूच्या आत शिरून क्रोमियमचे सल्फाइड बनवतं. छेद पाहिलास तर गंजाच्या खाली, अजून धातूच असलेल्या भागात, करड्या रंगाच्या कणांची रांग दिसेल. त्या कणांनी क्रोमियम बांधून ठेवलेलं असतं, म्हणून नवा संरक्षक थर उभाच राहत नाही. आणखी वर, १००० अंशांच्या पुढे, पातं इतकं गरम होतं की त्यावर सल्फेटचं दव धरत नाही. द्रव नाही म्हणून हे क्षरण उतरतं. उरतं ते साधं ऑक्सिडीकरण, आणि ते मात्र तापमानाबरोबर वाढतच जातं.

७०० अंशांवर सोडियम सल्फेट घन असायला हवं. पण धुरात गंधक ट्रायऑक्साइड पुरेसं असेल तर ते पात्यावरच्या कोबाल्ट किंवा निकेलच्या ऑक्साइडचं सल्फेट करतं, आणि ही मिश्रणं लवकर वितळतात : कोबाल्टचं ५६५ अंशांना, निकेलचं ६७१ अंशांना. म्हणजे धातू स्वतःच मिठाला वितळायला मदत करते. गंधक ट्रायऑक्साइड कमी तापमानाला जास्त टिकतं, म्हणून ८०० च्या वर ही वाट बंद होत जाते. मध्ये दरी पडते ती अशी. या कमी तापमानाच्या प्रकारात खड्डे पडतात आणि धातूच्या आत सल्फाइड फारसे नसतात. परीक्षेत छेदाचं छायाचित्र आलं तर आधी तेच शोध.

हा विषय गॅस टर्बाइनपासून सुरू झाला असं समजू नकोस. १९४० च्या दशकात कोळशाच्या बॉयलरच्या ट्यूबवर असाच द्रव सापडला होता. तो पोटॅशियम, सोडियम आणि लोह यांच्या सल्फेटचा होता, ५५२ अंशांपासून वितळणारा. टर्बाइनमध्ये त्याची दखल घेतली गेली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, व्हिएतनाम युद्धात समुद्रावरून उडणाऱ्या लष्करी विमानांच्या इंजिनांची पाती खराब होऊ लागल्यावर.

प्रश्न : आमचं गॅस टर्बाइनचं जनित्र जड तेलावर चालतं. तेलाच्या तपासणीत व्हॅनेडियम येतं. आम्ही मॅग्नेशियमचं मिश्रण घालतो, पण त्याने राखच वाढते असं ऑपरेटर म्हणतात. बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. व्हॅनेडियम कच्च्या तेलातच असतं आणि शुद्धीकरणानंतर जड तेलात एकवटतं. जळल्यावर त्याचा पेंटॉक्साइड होतो, तो ७०० अंशांच्या आत वितळतो, आणि सोडियम मिळालं तर सहाशेच्या आसपास किंवा खालीही. हा द्रव सल्फेटपेक्षा जहाल. मॅग्नेशियममुळे त्याचं मॅग्नेशियम व्हॅनेडेट होतं, जे १००० अंशांच्याही वर वितळतं. ते वितळत नाही, म्हणूनच राख होऊन पडतं. तुमच्या ऑपरेटरना दिसते ती राख म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. तिचा त्रास खरा आहे, पात्यांवर बसून ती टर्बाइनची ताकद उतरवते. म्हणून ठरलेल्या वेळी धुणं आलंच. मात्रा व्हॅनेडियमच्या ताज्या तपासणीवरून ठरवा, मागच्या वर्षीच्या आकड्यावरून नको. आणि तेलातलं सोडियम पाण्याने धुऊन, सेंट्रिफ्यूजने काढून टाका, कारण मॅग्नेशियमचा सोडियमवर काही उपाय चालत नाही.

पात्यांवर झिर्कोनियाचं (झिर्कोनियम ऑक्साइडचं) उष्णतारोधक लेपन असेल तर आणखी सावध राहा. त्याला स्थिर ठेवणारं यिट्रियम व्हॅनेडियम खेचून घेतं, झिर्कोनियाची स्फटिकरचना बदलते आणि लेपन पापुद्रे धरून सुटतं.

प्रश्न : शटडाउनला आम्ही सुपरहीटर पाण्याने धुतो. धुतल्यानंतर काही आठवड्यांनी स्टेनलेसच्या ट्यूबवर बारीक खड्डे दिसले. धुणं चूक आहे का?

उत्तर : धुणं चूक नाही, अर्धवट धुणं चूक आहे. गरम असताना जो थर कोरडा होता, तो थंडीत पाणी लागलं की आम्लधर्मी, क्लोराइडने भरलेला चिखल होतो. आमच्याकडे आलेल्या सल्फेटच्या एका थरावर मी ऊर्ध्वपातित पाण्याचे चार थेंब टाकून निर्देशक पट्टी लावली होती. पट्टी तांबडी झाली. असा चिखल वाकणात किंवा आधारपट्टीच्या मागे राहिला तर तो स्टेनलेसला खड्डे पाडणारच. म्हणजे क्षरण दोनदा : चालू असताना वितळलेल्या मिठाचं, बंद असताना ओल्या मिठाचं.

धुवायचं तर सोडा ॲश (धुण्याचा सोडा) घातलेल्या पाण्याने सुरुवात करा, मग भरपूर स्वच्छ पाणी सोडा, आणि खाली पडणारं पाणी उदासीन आणि क्लोराइडमुक्त होईपर्यंत थांबू नका. त्यानंतर लगेच गरम हवा. एवढं जमणार नसेल तर न धुता भट्टी बंद करून आतली हवा कोरडी ठेवा, ते परवडलं.

आणि धार सुरू करण्याआधी दहा मिनिटं घ्या. सगळ्यात वरच्या ओळीतून, धुराच्या बाजूने, एका ट्यूबवरचा थर मुळापर्यंत खरवडून घ्या. वरचा सैल भाग एका बाटलीत, धातूला चिकटलेला दुसऱ्या बाटलीत. दोन्हींत सिलिका जेलची पुडी टाकून झाकणं घट्ट लावा आणि बाटलीवर ट्यूबचा क्रमांक, बाजू आणि बॉयलर बंद केल्याची तारीख लिहा. दोन्ही एकाच बाटलीत टाकू नका. क्लोरीन सापडतो तो दुसऱ्या बाटलीत.